फुलं खायची? हो, खायची!

मुलांनो, फुलं कशासाठी असतात?

हा प्रश्न मी माझ्या चौथीच्या वर्गात विचारला, तेव्हा भराभर हात वर झाले. "देवाला वाहायला!" "गजरा करायला!" "बाई, स्नेहसंमेलनात पाहुण्यांना द्यायला!" शेवटच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "मधमाश्यांना." त्याला मी शाबासकी दिली. पण 'खायला' असं मात्र कुणीच म्हणालं नाही.

हा प्रश्न मी का विचारला, ते सांगते. आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत एका मुलीनं डबा उघडला. आत भाकरी आणि पिवळसर झुणका. शेजारणीनं विचारलं, "कसला गं?" ती म्हणाली, "हादग्याच्या फुलांचा." झालं! "ए, ही फुलं खाते! शेळी आहेस का गं?" सगळ्या मुली खो खो हसल्या. खरं सांगू? मलाही हसू आलं. त्या मुलीनं गुपचूप झाकण लावलं आणि डबा दप्तरात ठेवून दिला. ती जेवलीच नाही, हे माझ्या ध्यानात येईपर्यंत घंटा झाली होती. घरी आल्यावरही ते काही डोक्यातून जाईना.

आता गंमत बघा. हसणाऱ्या त्याच मुली दरवर्षी शाळेत फेर धरून हादगा खेळतात! सूर्य हस्त नक्षत्रात गेला, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी, की आपल्या कराडात, सातारा-सांगलीकडे हादगा सुरू होतो. मधे पाटावर हत्तीचं चित्र, भोवती गाणी आणि शेवटी खिरापत ओळखायची. पुण्याकडे याला भोंडला म्हणतात, विदर्भात भुलाबाई. आणि पाऊस ओसरता ओसरता ज्या झाडाला फुलं येऊ लागतात, त्या झाडाचं नावही हादगाच!

हादगा म्हणजेच अगस्ता. झाड उंच, सडपातळ. पानं चिंचेसारखी, पण मोठी. फुलं पांढरी किंवा लालसर, कळी तर चंद्रकोरीसारखी वाकडी. हा आपल्या पावट्याचा, वाटाण्याचा भाऊबंद. म्हणून याच्याही मुळांवर गाठी असतात. त्या गाठींतले सूक्ष्म जीव हवेतला नायट्रोजन घेऊन झाडाला देतात आणि जमिनीचाही कस वाढतो. सांगली जिल्ह्यात मिरजेकडे पानमळे आहेत. पानवेलीला चढायला आधार लागतो आणि डोक्यावर विरळ सावली लागते. त्यासाठी पानमळ्यात शेवरी, शेवगा, हादगा अशी झाडं लावण्याची पद्धत आहे. वेलीला आधार, जनावरांना पाला आणि घरात भाजी. एका झाडाची तीन कामं!

हादग्याची फुलं खाणारे आपण एकटेच नाही बरं का. बंगालमध्ये ती पिठात बुडवून तळतात. थायलंड आणि फिलिपाईन्स या देशांतही ती आवडीनं खातात. म्हणजे त्या डब्यातली भाजी केवढी मोठी पाहुणी होती बघा!

आता आपल्या स्वयंपाकघरातली आणखी काही फुलं पाहू.

शेवगा : शेंगा सगळ्यांनाच ठाऊक. पण झाडाखाली चादर धरून हलकेच फांदी हलवली की पांढरी फुलं टपटप पडतात. ती निवडून, कांद्यावर परतून, वर डाळीचं पीठ भुरभुरायचं. सगळी फुलं मात्र काढायची नाहीत. नाहीतर आमटीत शेंगा कुठून येणार?

लाल भोपळा : याच्या वेलावर दोन तऱ्हेची फुलं येतात. मादी फुलाच्या खाली इवलासा भोपळा असतो. नर फुलाला नुसताच लांब देठ. भजी करायची ती नर फुलांची. तीही थोडी वेलावर ठेवून, कारण मधमाशीनं त्यांचे परागकण मादी फुलावर नेले तरच भोपळा धरतो. फुलं सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात, म्हणून लवकर उठणाऱ्यालाच भजी! इटलीत याच फुलांत चीज भरून तळतात.

केळफूल : केळीच्या घडाच्या टोकाला लोंबणारा जांभळा कोंब. त्याची एकेक जांभळी पारी उचलली की आत फुलांची फणी दिसते. प्रत्येक फुलातला न शिजणारा कडक दांडा आणि पातळ पापुद्रा काढून टाकावा लागतो. चिकानं हात काळे होतात, म्हणून आजी आधी हाताला तेल लावते आणि चिरलेली फुलं ताकाच्या पाण्यात टाकते. काम किचकट, पण भाजी अशी की बोटं चाटत राहाल.

मोह : विदर्भातल्या जंगलांत मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाच्या फुलांचा सडा पडतो. फुलं गोड असतात. आदिवासी कुटुंबं ती वेचतात, वाळवतात आणि पुढं कितीतरी दिवस खातात.

आणि मसाल्याच्या डब्यातली लवंग? ती वाळवलेली कळी आहे! केशर म्हणजे फुलातले बारीक लाल तंतू. एक ग्रॅम केशराला सुमारे दीडशे फुलं लागतात. गुलकंद तर गुलाबाचाच.

पण थांबा! हे वाचून बागेत धावू नका. दिसेल ते फूल खायचं नसतं. कण्हेर, धोतरा, कळलावी ही फुलं दिसायला सुंदर, पण ही झाडं विषारी आहेत. हारवाल्याकडच्या फुलांवर औषध फवारलेलं असू शकतं, तीही खायची नाहीत. जे फूल घरातली मोठी माणसं ओळखतात आणि खात आली आहेत, तेच खायचं, तेही त्यांना विचारून. आणि साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावरची फुलं फक्त डोळ्यांनी 'खायची', एकही तोडायचं नाही.

आता हादग्याचा झुणका. आईच्या किंवा आजीच्या मदतीनं करा. वीस-पंचवीस फुलं धुऊन घ्या. प्रत्येक फुलाच्या मधला दांडा काढून टाका, तो कडू लागतो. पाकळ्या चिरा. कढईत तेल, मोहरी, ठेचलेला लसूण आणि दोन चिरलेले कांदे परता. त्यात फुलं, हळद, मीठ आणि चमचाभर कांदा-लसूण मसाला घाला. झाकण ठेवून पाच मिनिटं शिजू द्या. मग अर्धी वाटी डाळीचं पीठ वरून भुरभुरून, पाण्याचा हबका मारून पुन्हा एक वाफ आणा. गरम भाकरीबरोबर खा.

वर्गात हे सगळं सांगून झाल्यावर मी त्या मुलीला म्हणाले, "काल मीही हसले. चुकलंच माझं. आता मलाही हा झुणका करून बघायचाय. फुलं कशी निवडायची, ते तू आम्हाला दाखवशील?" ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी तिनं ओल्या फडक्यात गुंडाळून ओंजळभर फुलं आणली आणि मधला दांडा नखानं कसा खुडायचा, ते सगळ्यांना करून दाखवलं. हसणाऱ्या मुलीच सगळ्यात पुढं बसल्या होत्या! त्या दिवशी वर्गात बाई ती होती आणि विद्यार्थिनी मी.

आईबाबांनो, मूल जे घरी खातं, ते त्यानं डब्यातही ताठ मानेनं न्यावं, एवढं आपण करू या. आणि मुलांनो, तुम्हाला एक गृहपाठ : आज रात्री आजीला विचारा, "तू लहानपणी कोणती फुलं खाल्लीस?" उत्तर वहीत लिहून ठेवा. निदान पाच नावं तरी मिळतात का बघा!