जाड ऑइलचा भरवसा

सत्तर-ऐंशीच्या दशकांत आपल्याकडच्या गॅरेजमध्ये इंजिन ऑइलचा प्रश्न बहुधा एका आकड्यात मिटायचा: चाळीस. फियाट असो, अँबॅसेडर असो की जीप, मिस्त्री बॅरलमधून मापाने चाळीस नंबर काढायचा, दोन बोटांत चोळून बघायचा आणि ओतायचा. बोटांना जाड लागलं की ऑइल चांगलं. थंडी पडलीच तर तीस नंबर. ‘उन्हाळ्यात जाड, हिवाळ्यात पातळ’ हे सूत्र सगळ्यांना पाठ होतं. तिथून आपण आता ०डब्ल्यू-२० आणि ०डब्ल्यू-१६ पर्यंत आलो आहोत. या बदलात महाराष्ट्राच्या हवेचा वाटा फार थोडा आहे. बदललं ते इंजिन, आणि हे लक्षात न आल्यामुळे आजही चांगल्या गाड्यांत चुकीचं ऑइल पडतं.

ते सूत्र मुळात आपल्या हवेसाठी बनलंच नव्हतं. अमेरिकेतल्या वाहन अभियंत्यांच्या एसएई या संस्थेने १९११ मध्ये ऑइलचे पहिले निकष ठरवले. आजच्या पद्धतीत तीस, चाळीस, पन्नास हे आकडे ऑइल १०० अंश सेल्सिअसला किती दाट राहतं ते सांगतात. थंडीतल्या वागणुकीसाठी ‘डब्ल्यू’ची, म्हणजे विंटरची वेगळी श्रेणी १९३०च्या दशकात आली. तिची निकड ज्यांना होती त्यांची थंडी वेगळीच होती. अलास्कातले वैमानिक संध्याकाळी उतरले की इंजिनातलं ऑइल काढून शेकोटीजवळ ठेवत आणि सकाळी गरम करून परत भरत. जुन्या काही मोटारींच्या पुस्तिकांत कडाक्याच्या थंडीसाठी ऑइलमध्ये थोडं रॉकेल घालायचा सल्ला छापलेला असे.

एकच ऑइल बारा महिने चालवायचं तर ते तापल्यावर फार पातळ होऊन चालत नाही. तापमानाबरोबर दाटपणा किती बदलतो हे मोजायचा निर्देशांक डीन आणि डेव्हिस यांनी १९२९ मध्ये मांडला. पेनसिल्व्हेनियाच्या खनिज तेलाला त्यांनी शंभर गुण दिले आणि मेक्सिकोच्या आखाताकाठच्या तेलाला शून्य. पुढे पातळ ऑइलमध्ये लांब साखळीचे पॉलिमर मिसळायची युक्ती सापडली. थंडीत हे रेणू आक्रसून बसतात, तापले की पसरतात आणि ऑइलला फार पातळ होऊ देत नाहीत. १९५०च्या दशकात मल्टिग्रेड ऑइल, म्हणजे थंडीचा आणि तापल्यावरचा असे दोन्ही आकडे सांभाळणारं ऑइल, बाजारात रुळू लागलं. त्याचा एक दोष मात्र आहे. गिअरच्या दातांत या लांब साखळ्या तुटतात आणि ऑइल कालांतराने आपला वरचा आकडा गमावतं. मोटरसायकलमध्ये इंजिन आणि गिअर एकाच ऑइलवर चालतात, म्हणून तिथे हे अधिक घडतं.

थंडीची परीक्षा किती फसवी असू शकते ते १९८०-८१च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात, सू फॉल्स शहराच्या परिसरात दिसलं. तेव्हाच्या चाचण्यांत उत्तीर्ण झालेली ऑइलं तिथे गाड्यांत गोठली. इंजिन सुरू व्हायचं, पण ऑइल जेलीसारखं बसलेलं असल्याने पंपाला ते ओढता येईना आणि इंजिनं कोरडी घासून निकामी झाली. कारण शोधल्यावर कळलं की थंडी हळूहळू वाढत गेली, तर ऑइलमधल्या मेणाचे स्फटिक एकमेकांत गुंतून जाळं तयार करतात. प्रयोगशाळेत तेच ऑइल झटपट थंड केलं जात होतं, म्हणून ते जाळं तिथे तयारच होत नव्हतं. त्यानंतर ऑइल दोन दिवस सावकाश थंड करून पंपातून जातं का हे तपासायची चाचणी आली. आज ०डब्ल्यू ऑइलला उणे ४० अंशांवर ही परीक्षा द्यावी लागते, २०डब्ल्यूला उणे २० वर.

आता हे आकडे निफाडच्या थंडीशेजारी ठेवून बघा. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठतं त्याची बातमी होते. उणे २० महाराष्ट्राने कधी पाहिलेलं नाही. दुसऱ्या टोकाला चंद्रपूरचा उन्हाळा, ४७ अंशांचा. पण पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात थर्मोस्टॅट असतो. तो पाण्याचं तापमान मे महिन्यात आणि डिसेंबरातही ९० अंशांच्या आसपास राखतो, आणि ऑइलही साधारण तिथेच राहतं. त्यामुळे अशा कारसाठी इथल्या ऋतूंनुसार ऑइलचा नंबर बदलायचं कारण उरत नाही.

बदल घडला तो दुसरीकडे. १९८३ मध्ये मारुती ८०० आली, १९८५ मध्ये हिरो होंडाची चार-स्ट्रोक मोटरसायकल आली. बेअरिंगमधली फट, ऑइलच्या वाटा, पंप, सगळं अधिक काटेकोर होत गेलं. कारसाठीची ऑइलं घर्षण कमी करणारी झाली, तेव्हा मोटरसायकलचे ऑइलमध्ये बुडालेले क्लच घसरू लागले. म्हणून जपानने १९९८ मध्ये दुचाकींसाठी जासो एमए हा वेगळा दर्जा ठरवला. दुचाकीच्या ऑइलच्या डब्यावर नंबराइतकंच ही अक्षरं बघणं महत्त्वाचं. मग इंधन बचतीचे सरकारी निकष आले आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष, आणि ऑइल आणखी पातळ होत गेलं. २०डब्ल्यू-५० चा दाटपणा ४० अंशांना साधारण १६० सेंटिस्टोक असतो, ०डब्ल्यू-२० चा पंचेचाळीसच्या आतबाहेर. रोज सकाळी इंजिन सुरू होताना हा फरक पेट्रोलमध्ये मोजावा लागतो. शिवाय आजच्या इंजिनात व्हॉल्व्हची वेळ पुढेमागे करणारी यंत्रणा ऑइलच्याच दाबावर हलते. तिथे जाड ऑइल भरलं की ती सुस्तावते.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी, म्हणजे तीच जुनी फियाट, ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, पण हौसेने जपलेल्या पद्मिनी आजही आहेत. त्यांच्या झिजलेल्या बेअरिंगना ०डब्ल्यू-२० दिलं तर दाब राहणार नाही. त्या मिस्त्रीची बोटं चुकीची नव्हती. त्याच्या समोरच्या इंजिनाला जाडच ऑइल लागत होतं.

हवेचा खरा परिणाम दिसतो तो दोन ठिकाणी. एक, हवेवर थंड होणारी दुचाकी: विदर्भाच्या उन्हात तिघं बसवून चढ चढताना तिचं ऑइल फार तापतं, आणि कंपनीच्या पुस्तिकेने दोन नंबरांची मुभा दिली असेल तर इथे वरचा घ्यावा. दुसरं, पावसाळ्यातली मुंबई. घर ते स्टेशन एवढ्या फेरीत इंजिन पुरतं तापत नाही, आत साचलेली वाफ उडून जात नाही आणि टोपणाखाली दुधाळ साय धरते. इथे नंबर बदलून काही होत नाही. ऑइल लवकर बदलावं, आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी लांब न्यावी.

जुनी गाडी घेताना पुस्तिका बहुधा मिळत नाही. अशा वेळी बॉनेट उघडून ऑइल भरायचं टोपण बघा, पुष्कळ गाड्यांत नंबर त्यावरच कोरलेला असतो.