विहार-तुळशी : अरण्याच्या ओंजळीतले पाणी

साष्टीच्या डोंगरात कान्हेरीची लेणी ज्यांनी कोरली, त्यांनी विहारांच्या अंगाला पाण्याच्या पोढ्या खोदल्या आणि माथ्यावरचे पाऊसपाणी त्यांत अलगद उतरावे म्हणून कातळात अरुंद पन्हळीही काढल्या. पाणी साठविण्याआधी त्याची वाट निर्मळ राखावी लागते, हे शहाणपण त्या पन्हळींत आजही वाचता येते; आणि त्याच डोंगराच्या कुशीत विहार व तुळशी हे मुंबईचे जुने तलाव आहेत.

विहिरी-तलावांवर गुजराण करणाऱ्या मुंबई बेटास 1854 साली पाणीटंचाईने ग्रासले. तेव्हा हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअरांच्या योजनेनुसार मिठी नदीचे उगमाकडील खोरे अडविण्याची तजवीज सरकारने केली. 1856 मध्ये काम सुरू होऊन 1860 साली विहारचे पाणी नळावाटे शहरात आले. वाढत्या वस्तीस तेही अपुरे पडू लागल्यावर वरच्या अंगाला तुळशी तलाव बांधण्यात आला, तो 1879 मध्ये पुरा झाला.

हे दोन्ही तलाव आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहेत, आणि त्यांचा खरा बंदोबस्त पहारेकऱ्याइतकाच झाडेही करतात. मृगाची सर सागाच्या रुंद पानावर आपटून फुटते, तिचे थेंब खालच्या कारवीवरून घरंगळत कुजक्या पाचोळ्यात जिरतात, आणि मुळांनी घट्ट धरलेल्या मातीतून गाळून निघालेले पाणी सावकाश ओहोळाला लागते. म्हणूनच उघड्या डोंगरावरून येणाऱ्या पुराप्रमाणे ते तलावात गाळाच्या राशी आणून ओतत नाही.

महानगराचा मुख्य भार आता भातसा, वैतरणा आणि तानसा यांच्यावर आहे. विहार-तुळशीचा वाटा जेमतेम दोन-तीन टक्के. परंतु या तलावांचे मोल केवळ लिटरांत मोजता येणार नाही. पावसाळ्यात तुळशी भरून वाहू लागली की तिचे पाणी विहारात उतरते, आणि विहारच्या सांडव्यावरून सुटलेले पाणी मिठीला मिळते. तीच मिठी पुढे साकीनाका, कुर्ला, धारावी ओलांडून माहीमच्या खाडीस पोहोचेतो काळवंडते. पाणी तेच, पाऊसही तोच. एका काठी अरण्य राखले गेले, दुसऱ्या काठी राखले गेले नाही. भातसा-वैतरणा-तानसाच्या ज्या शहापूर-मोखाड्याकडील रानांतून आज मुंबईची तहान भागते, त्या रानांविषयी आपले कर्तव्य कोणते, याचा निवाडा या दोन काठांनी आधीच देऊन ठेवला आहे.