चुलीतला धूर आणि म्हातारपणीचे पाय

“आई, आता वय झालं, बसून राहा.” घरोघरी आपण प्रेमापोटी असे सांगतो. जन्मभर राबलेल्या आईने जिना चढताना कठडा धरला की पोटात कालवते. मग पगारातून चार पैसे काढून शक्तीच्या गोळ्या आणतो. परंतु हे प्रेम आणि हा खर्च, दोन्ही चुकीच्या वाटेने जातात. कसे ते पाहू.

स्नायूंच्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया नावाच्या अतिसूक्ष्म चुली असतात. अन्न आणि श्वासातील प्राणवायू यांपासून शक्ती तयार करणे हे त्यांचे काम. चूल पेटली की धूर होतोच. येथेही प्राणवायूचे काही उपद्रवी रेणू तयार होतात व त्याच चुलींची नासधूस करतात. अशा उपद्रवी रेणूंनी केलेल्या नासधुशीमुळेच वार्धक्य येते, असा विचार अमेरिकन शास्त्रज्ञ डेनहॅम हर्मन यांनी १९५६ साली मांडला. आज तेवढे एकच कारण मानले जात नाही, पण ते कारणांपैकी एक आहे.

तरुणपणी शरीर ही काजळी पुसते, निकामी चुली मोडून नव्या घालते. वयाबरोबर ही सफाई मंदावते. स्नायू बारीक होतात, पायांतले बळ जाते.

मग धूर मारणारी गोळी घेतली तर? २००९ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील एका प्रयोगात काही तरुणांना व्यायामासोबत क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा दिल्या. केवळ व्यायाम करणाऱ्यांच्या शरीरात इन्सुलिनचे काम सुधारले, गोळ्या घेणाऱ्यांत तसे झाले नाही. व्यायामातला थोडा धूर हाच शरीराला सफाई वाढवण्याचा इशारा असतो. गोळीने तो इशाराच दडपला.

उलट अमेरिकेत ८६ ते ९६ वर्षांच्या दहा वृद्धांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला शिकवले. हा प्रयोग १९९० साली प्रसिद्ध झाला. पूर्ण व्यायाम केलेल्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली!

“जन्मभर ओझी वाहिली, ते पुरे नाही का?” असे कोणी विचारील. नाही. स्नायूंच्या खात्यात जुन्या कष्टांची शिल्लक फार काळ राहत नाही. म्हणून आईला खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठायला-बसायला सांगा. हृदयविकार वा गुडघ्याचे दुखणे असल्यास आधी डॉक्टरांना विचारा. गोळ्यांच्या पैशांत अंडी, मटकी, डाळ, सुकट आणा.

आईला बसवून ठेवू नका, तिच्याबरोबर चालायला निघा.