किती दिवसांचं आठवतंय?

इंदूरच्या सराफ्यात रात्री दागिन्यांची दुकानं मिटली, की त्याच गल्लीत भुट्ट्याचा कीस, दहीवडे आणि हिवाळ्यात गराडू यांची दुकानं लागतात. घरी जेवून निघालेला माणूसही तिथं दोन-तीन ठिकाणी थांबतोच. महिन्याभरानं कुणी सरकारी कागद पुढं करून बाहेरच्या खाण्याचा खर्च विचारला, तर त्याला काय आठवेल? आणि त्याच्या वतीनं घरातली आईच उत्तरं देत असेल तर?

घरखर्च विचारणारे इंदूरला नवे नाहीत. इथल्या कापड गिरण्यांतल्या कामगारांची कुटुंबं 1958-59 मध्येच लेबर ब्युरोच्या पाहणीत आली होती. अशा पाहण्यांवरून महागाईच्या निर्देशांकातले वस्तूंचे भार ठरतात आणि त्या निर्देशांकाला महागाई भत्ता बांधलेला असतो. देशभरच्या या निर्देशांकात खाण्यापिण्याचा भार 2001 च्या मालिकेत 46.20 टक्के होता, 2016 च्या मालिकेत तो 39.17 वर आला.

ज्या घरखर्चावरून देशाची गरिबी मोजली जाते, त्या राष्ट्रीय नमुना पाहणीत मात्र खरा वाद पेटला तो आठवणीवरून. महिन्याचा हिशेब मागितला तर किरकोळ खरेदी विसरली जाते. आठवड्याचा मागितला तर दहा दिवसांपूर्वीचा तेलाचा डबाही ‘परवाच’ आणल्यासारखा वाटतो. पन्नासच्या दशकात संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस आणि सेन यांनी दोन्ही मुदती ताडून पाहिल्या. प्रत्यक्ष वजन करून काढलेल्या आकड्यांशी महिन्याची उत्तरं अधिक जुळली, म्हणून महिना कायम झाला आणि चार दशकं टिकला.

1994 ते 1998 च्या फेऱ्यांत पुन्हा प्रयोग झाला. निम्म्या कुटुंबांना जुनी मुदत, निम्म्यांना खाद्यपदार्थांसाठी सात दिवसांची. सात दिवसांच्या उत्तरांवरून गरिबी मोजली तर ती जवळजवळ निम्मी भरत होती. माणसं सारखीच, पगार सारखेच, बदलला तो फक्त प्रश्न! मग 1999-2000 मध्ये दोन्ही प्रश्न एकाच घरी, एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी विचारले गेले. एका रकान्यातलं उत्तर दुसऱ्याला ओढणारच. गरिबी 26.1 टक्क्यांवर आली आणि अर्थतज्ज्ञांत जुंपली. कुणाला त्यात उदारीकरणाचं यश दिसलं, कुणाला तक्त्याची करामत. अर्थतज्ज्ञ अँगस डीटन यांनी सुरेख वाट काढली: ज्या वस्तूंची मुदत कधीच बदलली नव्हती, त्यांच्या खर्चावरून एकूण खर्चाचा अंदाज बांधायचा.

या गुंत्यात पुढं अर्थतज्ज्ञ सुरेश तेंडुलकर आले. 2005 मध्ये नेमलेल्या त्यांच्या तज्ज्ञ गटानं 2009 मध्ये अहवाल दिला. कपडे, पादत्राणं, टिकाऊ वस्तू, शिक्षण आणि इस्पितळाचा खर्च वर्षाचा विचारायचा, बाकीचा महिन्याचा, ही मिश्र मुदत त्यांनी स्वीकारली. दारिद्र्यरेषा कॅलरींना बांधणारी जुनी खुंटी सोडली आणि 2004-05 ची गरिबी 27.5 ऐवजी 37.2 टक्के मांडली. सरकारला सोयीचा आकडा काढणारा माणूस असं करत नाही. तरी सप्टेंबर 2011 मध्ये नियोजन आयोगाच्या प्रतिज्ञापत्रात शहरी माणसाची दारिद्र्यरेषा म्हणून दिलेले रोजचे 32 रुपये गाजले आणि ‘तेंडुलकर रेषा’ ही जवळजवळ शिवी झाली. त्याआधीच, जूनमध्ये तेंडुलकर गेले होते. रेषा तुटपुंजी होती, हे खरंच. पण मोजणीतली त्यांची शिस्त त्या गदारोळात कुणी पाहिली नाही, याची खंत वाटते.

2017-18 च्या पाहणीचे निकाल सरकारनं रोखून धरले. ते अक्षम्य होतं. 2022-23 मध्ये पद्धतच बदलली: तीन प्रश्नावल्या, तीन भेटी. भाजी, फळं, तेल, तयार पदार्थ सात दिवसांचे, तर धान्य, डाळ, दूध महिन्याचं. शहरी भारतात तृणधान्यांवर खर्चाचा 3.64 टक्के वाटा, तर पेयं आणि तयार खाद्यपदार्थांवर 10.64 टक्के. इंदूरच्या नमकीनवाल्यांनी हे आकडे जरूर पाहावेत, पण जुन्या फेऱ्यांशी तुलना जपून करावी. मध्य प्रदेशच्या शहरांचा दरडोई मासिक खर्च 4,987 रुपये निघाला, त्यालाही कुणी इंदूरचा आकडा समजू नये. त्यात लहानसहान गावंही आहेत.

पाहणीचा आणखी एक नियम फारसा चर्चेत येत नाही. घरात शिजलेलं अन्न ज्या घरात शिजतं त्याच घराच्या खात्यात जातं. धुणीभांडी करणाऱ्या बाई मालकिणीकडे दोन पोळ्या खातात, त्या मालकिणीच्या उपभोगात मोजल्या जातात. पाहुण्यांच्या पंगतीचंही तेच. त्यामुळं खातंपितं घर कागदावर जास्त खाणारं दिसतं आणि त्या बाईंचं घर प्रत्यक्षाहून उपाशी. पोषणाचे निष्कर्ष काढणाऱ्यांनी हा फरक हिशेबात धरायला हवा.