निकायभेद आणि यानभेद

बौद्ध परंपरेतील फुटीचा विचार करताना निकायभेद आणि यानभेद यांची पुष्कळदा गल्लत होते. वैशालीच्या दुसऱ्या संगीतीत ‘हीनयान’ व ‘महायान’ असे दोन पंथ झाले, हे अध्यापनात रूढ झालेले विधान म्हणूनच तपासून पाहिले पाहिजे.

वैशालीतील वाद विनयाचा होता. भिक्षूने सोने-रुपे स्वीकारावे काय, यांसारख्या दहा बाबींवर तेथे निर्णय झाला. स्थविर व महासांघिक वेगळे झाले त्याचे कारण ‘दीपवंस’ या वादात पाहतो. वसुमित्राच्या नावावरील ग्रंथ मात्र अर्हताच्या उणिवांविषयीच्या पाच मतांकडे बोट दाखवतो. कारण कोणतेही मानले, तरी निकायाची ओळख उपसंपदेची परंपरा आणि विनयपाठ यांवरून ठरत असे.

महायान हा असा निकाय नव्हता. बोधिसत्त्वाचे ध्येय स्वीकारणारे भिक्षू जुन्या निकायांतच उपसंपदा घेत. दोन्ही मतांचे भिक्षू एकच विनय पाळतात, अशी नोंद सातव्या शतकात भारतात आलेल्या इत्सिंगने केली आहे. तिबेटी महायानी भिक्षू आजही मूलसर्वास्तिवादी विनय पाळतात.

या भेदाचे महत्त्व आपल्या लेण्यांपाशी विशेष जाणवते. कार्ल्याच्या शिलालेखात महासांघिकांना, तर नाशिकच्या लेखात भद्रायणीयांना दिलेल्या दानाची नोंद आहे. ‘हीनयान’ हे प्रतिपक्षाने दिलेले नाव तेथे आढळत नाही. तरीही या लेण्यांना ‘हीनयान लेणी’ म्हणत राहणे म्हणजे दात्यांनी दगडावर कोरून ठेवलेली ओळख पुसून टाकणे होय.