नेटवरची ताकीद : घाबरू नका, गाफीलही राहू नका!

मैत्रिणींनो, घरात नेट आलं आणि पिक्चर, गाणी, कार्टून सगळंच घरबसल्या मिळू लागलं. मुलं म्हणतात, ‘आई, फुकट आहे गं!’ आणि एक दिवस पडद्यावर इंग्रजीत मोठ्ठी ताकीद झळकते. तुरुंग, दंड, लाखांचे आकडे! कनेक्शन आपल्या नाहीतर ‘ह्यां’च्या नावावर. छातीत धस्स होणारच!

ऑगस्ट २०१६ मध्ये असंच झालं होतं. बंद केलेली साइट उघडली की, ‘पाहणं, डाउनलोड करणं गुन्हा, ३ वर्षं कैद, ३ लाख रुपये दंड’ अशा अर्थाचा मजकूर यायचा. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी तेव्हा स्पष्ट केलं, की नुसतं पाहणं हा गुन्हा नव्हे. परवानगीशिवाय वाटणं, जाहीरपणे दाखवणं, विकणं किंवा भाड्याने देणं हा गुन्हा.

मग टोरंटचं काय? मेख इथेच आहे. टोरंटवरून पिक्चर उतरवताना आपला कॉम्प्युटर त्याचे तुकडे दुसऱ्यांना पाठवतही असतो. म्हणजे न कळत वाटप सुरू! १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात जाणूनबुजून हक्कभंग केल्यास ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. नफ्यासाठी केलं नसेल तर कोर्ट शिक्षा कमी करू शकतं.

लेक किंवा भाचा जर्मनीत शिकत असेल, तर त्याला आधीच बजावा. तिथे टोरंट वापरलं की वकिलाची नोटीस थेट घरी येते, शेकडो युरो मागतात. सोबतच्या हमीपत्रावर घाईने सही करू नये आणि नोटीस फेकूनही देऊ नये. मुदतीच्या आत जाणकाराचा सल्ला घ्यावा.

आता तिसरा प्रकार. कॉम्प्युटर अडकतो, पोलिसांचं चिन्ह दिसतं आणि ‘आत्ताच दंड भरा’ म्हणतात. ही शुद्ध लबाडी! पोलिस असा पडद्यावर दंड वसूल करत नाहीत. पैसे भरू नका, दिलेल्या नंबरवर फोन करू नका. नेट बंद करा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर तक्रार करा.

घरात एवढं कराच :
- वायफायला पासवर्ड ठेवा. तो शेजारीपाजारी वाटू नका.
- कॉम्प्युटरवर टोरंट असेल, तर काढून टाका.
- मुलांशी बोला, नुसतं रागावू नका.

शेवटचं फार महत्त्वाचं. जर्मनीत १३ वर्षांच्या मुलाने गाणी वाटल्याचा खटला आई-वडिलांवर झाला होता. २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जबाबदार धरलं नाही. कारण? ‘असं करायचं नाही’ हे त्यांनी मुलाला आधीच समजावलं होतं. कायदा आपला वेगळा असेल. पण वेळेवर सांगितलेल्या चार शब्दांची किंमत सगळीकडे सारखीच, नाही का?