वीजबिलाची उकल (भाग ५) : गाडी आणि गरम पाणी कोणत्या स्लॅबमध्ये?

मागच्या भागात आपण स्थिर आकार आणि मंजूर भार पाहिला. या वेळचा प्रश्न सांगली-साताऱ्यात हल्ली वरचेवर ऐकू येतो : दारात इलेक्ट्रिक गाडी आली, अंघोळीच्या पाण्यासाठी गिझरऐवजी हीट पंप बसवला, तर विजेचा कोणता दर निवडायचा?

ब्रिटनमध्ये राहणारा भाचा सांगतो, 'कंपनी बदला, रात्रीचा स्वस्त प्लॅन घ्या.' तिथे ते शक्य आहे. रात्रीचे सात तास स्वस्त देणारा 'इकॉनॉमी ७' हा दर तिथे १९७८ पासून आहे. आपल्याकडे घरगुती ग्राहकाला महावितरण एके महावितरण. सातारा बारामती परिमंडलात येतं आणि सांगली कोल्हापूर परिमंडलात, पण दरपत्रक एकच, राज्य वीज नियामक आयोगाने मंजूर केलेलं. तरीही निवडीला वाव आहे. युनिट कोणत्या स्लॅबमध्ये पडतं, ते किती वाजता वापरलं आणि कोणत्या मीटरवर नोंदलं, या तीन गोष्टी आपल्या हातात असतात.

आधी स्लॅब. घरगुती दराचे टप्पे चार : १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. २०२४-२५ च्या दरपत्रकात वहन आकार धरून प्रतियुनिट दर अनुक्रमे ५.८८, ११.४६, १५.७२ आणि १७.८१ रुपये होते. दर पुढे बदलले, पण पायऱ्यांची रचना तीच आहे. '३०० ओलांडले की सगळंच बिल महाग' हा समज मात्र खोटा. महाग होतात ती फक्त ३०० च्या वरची युनिटं. म्हणूनच नव्या उपकरणाचा हिशेब बिलाच्या सरासरीने करू नये. ते शेवटी येतं, आणि त्याची युनिटं वरच्या पायरीवर जाऊन बसतात.

विश्रामबागेतलं एक कल्पित घर घेऊ. आजचा वापर महिना १८० युनिट. सांगली-मिरज रोजची ये-जा आणि अधूनमधून सातारा मिळून गाडी महिन्याला ९०० किलोमीटर धावते. चार्जिंगमधली गळती धरून युनिटला सहा किलोमीटर मानले, तर १५० युनिट झाले. आता पाणी. शंभर लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांवर न्यायला साडेतीन युनिटांइतकी उष्णता लागते. गिझर ती सगळी विजेतून काढतो, म्हणजे महिन्याला शंभरावर युनिटं. हीट पंप बरीचशी उष्णता बाहेरच्या हवेतून ओढतो, त्यामुळे त्याचं काम साधारण तिसऱ्या हिश्श्यात, ४० युनिटांत भागतं.

एकूण वापर ३७० वर गेला. वाढीव १९० युनिटांपैकी १२० दुसऱ्या स्लॅबमध्ये आणि ७० तिसऱ्यात. त्याचे २,४७६ रुपये, त्यावर १६ टक्के वीज शुल्क धरून सुमारे २,८७०. नवं युनिट पडलं पंधरा रुपयांना. तरीही लिटरला पंधरा किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी एवढ्याच अंतराला ६० लिटर पिते, म्हणजे सहा हजार रुपयांहून जास्त.

आता घड्याळ. टीओडी (वेळेनुसार दर लावणारा) स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे सवलत जाहीर झाली. पाच वर्षांत ती रुपयापर्यंत जायची आहे. दिवसाच का? दुपारी सौर वीज मुबलक असते, टंचाई भासते ती दिवेलागणीनंतर. कोयनेचं वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे सोडायचं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी असं कृष्णा पाणीतंटा लवादाने बांधून दिलेलं आहे, त्यामुळे तेही जपून, जास्त मागणीच्या वेळेला वापरावं लागतं. भाच्याचा रात्रीचा सल्ला इथे उलटा पडतो तो यामुळे.

हीट पंपाला हे वेळापत्रक आयतंच मानवतं. दुपारी हवा गरम असते, त्यामुळे त्याला कष्ट कमी. टायमर १२ ते ३ लावला, तर चांगल्या टाकीतलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीला पुरतं. गाडीचं तसं नाही. कुपवाड एमआयडीसीत कामाला जाणाऱ्याची गाडी दिवसा घरी नसते. जेवायला घरी येणाऱ्या डॉक्टरला किंवा दुकानदाराला मात्र साध्या ३.३ किलोवॉटच्या चार्जरवर दोन तासांत ४० किलोमीटरची बेगमी होते. पण सवलतीचा आवाका ओळखून असा : सगळी १९० युनिटं दिवसा वापरली, तरी वाचतात जेमतेम १५२ रुपये.

त्या मानाने स्लॅब मोडणं कितीतरी मोठं. दोन किलोवॉटचं सौर छप्पर महिन्याला सुमारे २४० युनिटं देतं. पावसाळ्यात कमी, पाटण-महाबळेश्वरकडे तर फारच कमी. नेट मीटरवर ती वजा झाली की ३७० चे १३० उरतात आणि वरच्या पायऱ्यांवरचे शुल्कासह साडेतीन हजार रुपये वाचतात. पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॉटला ६०,००० आणि तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे.

ज्यांना स्वतःची गच्ची नाही, त्यांच्यासाठी तिसरी वाट मीटरची. गाडी घरच्या मीटरवर घरगुती दरानेच चार्ज करता येते. मात्र चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागण्याचा हक्क फेब्रुवारी २०२४ च्या केंद्रीय नियमांनी दिला आहे. चार्जिंगच्या वर्गवारीत स्लॅब नसतात, पण स्थिर आकार वेगळा भरावा लागतो. महिन्याला ३०० किलोमीटरच फिरणाऱ्याने या फंदात पडू नये. ज्याची गाडी घराचा वापर ५०० युनिटांच्या पुढे नेते, त्याने हिशेब जरूर मांडावा.

एक खर्च मात्र टाळता येतो. विक्रेता ७.२ किलोवॉटचा चार्जर गळ्यात मारतो, त्यापायी थ्री फेज घ्यावं लागतं आणि स्थिर आकार तिपटीहून अधिक होतो. ३.३ किलोवॉटचा चार्जर सात तासांत १४० किलोमीटरची वीज भरतो. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात फिरणाऱ्याला तेवढी पुष्कळ झाली. तेव्हा आधी गेल्या बारा महिन्यांची युनिटं कागदावर मांडा, गाडी आणि पाणी त्यात मिळवा, वरची पायरी कोणती ते पाहा, आणि मग सौर छप्पर की वेगळं मीटर ते ठरवा. टायमर सगळ्यांत शेवटी.

(पुढील आठवड्यात : नेट मीटर आणि शिल्लक युनिटांचा हिशेब)